तेजच्या नावाची नळी

दसरा झाला की आमच्या गल्लीत गेटवरची माणसं बदलतात. कोपरीत राहणाऱ्याला थंडीची चाहूल लागायला एवढं पुरतं. ठाण्याची थंडी तशी नावालाच. पहाटे खाडीवरून थोडा गार वारा येतो, मंडईत ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसायला लागतात, आमचे ‘हे’ कपाटातून स्वेटर काढतात आणि त्याला डांबरगोळ्यांचा वास येतो म्हणून माझ्यावर चिडतात. आणि एका सकाळी गेटवर कानटोपीतला कुणीतरी नवा माणूस आपल्याला सलाम ठोकतो.

परवा तसंच झालं. दूध घ्यायला खाली उतरले, सलाम झाला, मी थांबले.

“नाव काय रे तुझं?”

“बहादूर, मॅडमजी.”

“ते सगळेच सांगतात. तुझं सांग.”

तो लाजला. मग म्हणाला, “प्रेम.” मी दोनदा म्हणून घेतलं, त्याचा चेहरा नीट पाहून घेतला आणि मगच दूध घ्यायला गेले. तोवर दूधवाला पुढच्या बिल्डिंगला गेला होता. हल्ली माझं असं होतं. गेटवर मी जरा जास्तच वेळ काढते, यांच्या भाषेत सांगायचं तर चौकशा करते. पण याला कारण आहे, आणि ते कारण चार हिवाळ्यांपूर्वीचं आहे. त्या हिवाळ्यात मी एका नळीवर चुकीचं नाव लिहिलं आणि एका अजून न जन्मलेल्या बाळाचं सगळं आयुष्य काही दिवस त्या नळीला टांगून राहिलं.

मी चौतीस वर्षं पालिकेच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. लोकांच्या शिरा शोधण्यात माझी हयात गेली. लग्नकार्यात कुणी हात पुढे केला की मला आधी त्याची शीर दिसते, अंगठी नंतर. रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं की आता निवांत. दोन महिन्यांत घर पुसून पुसून मी सगळ्यांना नकोशी झाले. तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधली डॉक्टर मुग्धा वर आली. मी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं आहे, आता तिचा स्वतःचा छोटा दवाखाना आहे.

“काकू, टोचायला माणसं मिळत नाहीत म्हणून बेचैन आहात ना? माझ्याकडे आहेत.”

तिच्याकडे त्या पावसाळ्यात एक वॉचमन आला होता. वय पस्तिशीचं, पोटात पाणी झालेलं. हिपॅटायटिस बी. ब प्रकारची कावीळ म्हणा, पण यात डोळे पिवळे होतीलच असं नाही. वर्षानुवर्षं हा विषाणू रक्तात गप्प बसून यकृत खात राहतो आणि माणूस म्हणतो, मला काय धाड भरली आहे! मुग्धाने त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तो तिथून गावी गेला आणि परत आला नाही. ती म्हणाली, “काकू, याचं औषध सरकारी हॉस्पिटलात फुकट मिळतं. रोज एक गोळी. याला दहा वर्षं आधी कुणी एक सुई टोचली असती तर तो आज गेटवर उभा असता. पण हे लोक कुठल्याच यादीत नसतात. इथले नाहीत म्हणून इथे नसतात, आणि तिथे राहत नाहीत म्हणून तिथे नसतात.”

आमच्या लहानपणी कावीळ झाली की डोक्यावर काटक्यांची माळ ठेवायचे. ती माळ वाढत वाढत खांद्यावर उतरली की कावीळ उतरली. मीही घातलेली आहे आणि अतिशय ऐटीत मिरवलेली आहे. पण ही कावीळ माळेला दाद देणारी नव्हती.

आमच्या गल्लीतल्या बहुतेक गेटांवर नेपाळचे लोक. कुणी एकटे, कुणी बायकामुलांसह, पंपाच्या खोलीशेजारच्या दहा बाय दहाच्या खोलीत. आमच्या सोसायटीत तेजबहादूर नऊ वर्षं. त्याची बायको विष्णुमाया आमच्याकडे भांडी-लादीला. तिचं मराठी माझ्या सुनेपेक्षा बरं आहे. मोहरीचा पाला आंबवून ती तो गच्चीवर वाळत घालायची, आणि दर वर्षी सातव्या मजल्यावरून वासाची लेखी तक्रार यायची. तक्रार घेणारे सेक्रेटरी म्हणजे आमचे हेच. ते ती फाइल करायचे आणि रात्री विष्णुमायाने दिलेली त्याच पाल्याची आमटी ओरपायचे.

पहिला कॅम्प आम्ही रविवारी सकाळी अकराला ठेवला. क्लबहाऊसमध्ये टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर घातली. एक वॉचमन येईल तर शपथ. सोसायटीतले चार आजोबा मात्र फुकट शुगर तपासायला पावणेअकरालाच हजर. त्यातल्या एकांना हिपॅटायटिस म्हणजे काय ते मी पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी त्यांनी विचारलं, “मग नाश्ता केला तर चालेल ना?”

दुसऱ्या दिवशी विष्णुमाया भांडी घासता घासता म्हणाली, “काकू, अकराला कोण येणार? रात्रीवाले झोपतात, दिवसवाले गेट सोडत नाहीत. पाळी बदलते तेव्हा बोलवा ना. आठला.” एवढं साधं गणित आम्हा दोन शिकलेल्या बायकांना सुचलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही सकाळी आठला गेटशेजारीच बसलो. मी घरून पातेलंभर पोहे केले. गल्लीतून तीसेक माणसं आली. आधी लांब उभी राहिली. रक्त काढून विकतात अशी कुणीतरी आवई उठवलेली होती. मग विष्णुमायाने स्वतःचा हात पुढे केला, मी टोचलं, ती माझ्याकडे बघून म्हणाली, “डास बरा,” आणि सगळे हसले. त्यानंतर रांग लागली.

त्या रांगेत तेज आला. म्हणजे तेजची कानटोपी आली, तेजचा मफलर आला, तेजचा खाकी स्वेटर आला.

“अरे तेज, ये, बस,” मी म्हणाले, आणि त्याने तोंड उघडायच्या आत नळीवर नाव लिहून मोकळी झाले.

“हां जी,” तो म्हणाला.

आता हे मला कबूल करायला हवं. चौतीस वर्षं मी नव्या मुलींना एकच गोष्ट शिकवत आले. पेशंटचं नाव आपण घ्यायचं नाही, त्याला घ्यायला लावायचं. आपण घेतलं की गडबडीत, भीतीने, भिडेने माणूस कशालाही हो म्हणतो. एका मुलीला तर मी याच चुकीवरून सगळ्यांसमोर रडवलं होतं. आणि त्या सकाळी मीच, पोह्यांवर खोबरं भुरभुरत, हसत हसत तेच केलं.

रिपोर्ट पाच दिवसांनी आले. बाकी सगळे निरोगी, एका नळीत विषाणू. नाव तेजबहादूर. मुग्धा म्हणाली, “काकू, तुम्ही फक्त त्याला माझ्यापर्यंत आणा. सांगायचं काम माझं.” दुपारचे चार वाजले होते. मी खाली गेले, तो खुर्चीत ऊन खात बसला होता. मी हळूच म्हटलं, “तेज, रिपोर्ट आलाय. उद्या डॉक्टरकडे जायचं आहे, घाबरू नकोस.”

त्याने कानटोपी काढली. आत एक अनोळखी, सडपातळ, कोवळ्या मिशांचा माणूस.

“मॅडमजी, मैं तेज नहीं हूँ. मैंने खून दिया ही नहीं. उस दिन दूसरा था.” आणि लगेच हात जोडून, “साहब को मत बोलना.”

मी तिथेच कठड्यावर टेकले. नऊ वर्षं ओळखीचा तेज विष्णुमायाला इथेच ठेवून दसऱ्याला घरी गेला होता. त्यांचा दसरा म्हणजे आपल्या गणपती-दिवाळीची बेरीज. माणसं जातात ती घर शाकारून, पीक घरात आणून, दोन-तीन महिन्यांनीच परततात. तोवर गेटवर भाऊ उभा राहतो, भाऊ दुसरीकडे कामाला लागला की चुलतभाऊ. बदली. नोकरी पहिल्याच्या नावावर राहते आणि बदलीवाला त्या नावाला ओ देतो. रजिस्टरमध्ये वर्षभर सही एकच. हे सगळ्या गल्लीतल्या वॉचमनांना ठाऊक, आणि आम्हा एकाही घराला नाही. दोन महिने मी रोज सकाळी त्या कानटोपीच्या हातात चहाचा कप देत होते आणि आत कोण आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं. ती लाज मला अजून वाटते.

“मग त्या दिवशी कोण होता?” मी विचारलं.

“पता नहीं,” तो म्हणाला. पत्ता सगळा होता, पण तो सांगणार नव्हता हे त्याच्या मानेवरूनच कळत होतं.

विष्णुमायाही तीन दिवस काही बोलली नाही. ती खाली मान घालून भांडी घासायची, मी मागे उभी राहून कारण नसताना ओटा पुसायची. पेच असा होता की मला तिला आजाराचं नाव सांगता येत नव्हतं. रक्ताचं गुपित ज्याचं त्याचं; माझ्या हातून आधीच एक नियम मोडला होता, दुसरा मोडायचा नव्हता. चौथ्या दिवशी मी नळ बंद केला.

“विष्णू, ज्याने त्या दिवशी रक्त दिलं त्याला मला भेटायचंय. एवढंच सांग, कुठे आहे तो?”

“काकांनी विचारायला सांगितलंय?”

“काका वेगळे, मी वेगळी.”

“नाव कळलं तर तेजची नोकरी जाईल, काकू. ही खोली पण जाईल.”

“आणि नाही कळलं तर त्या माणसाचा जीव जाईल. आज नाही, अजून काही वर्षांनी.”

तिने हातातला तवा खाली ठेवला. मग तिने जे विचारलं त्याने माझ्या पायाखालची लादीच सरकली. “त्याच्या बायकोला नववा लागलाय. तिला पण काही होणार का?”

हिपॅटायटिस बीचं असं आहे की मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक वेळा शरीर तो विषाणू झटकून टाकतं. जन्मताना आईकडून बाळाला मिळाला, तर तो सहसा कायमचा मुक्कामाला राहतो. पण हे टाळता येतं. बाळ जन्मल्यावर पहिल्या बारा तासांत त्याला दोन सुया मिळाल्या पाहिजेत. एक लस, ती सगळीकडे असते. दुसरी तयार प्रतिकारशक्तीची, ती प्रत्येक हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये नसते, आधी सांगून आणवून ठेवावी लागते. त्यासाठी आईचं रक्त आधी तपासलेलं हवं, आणि ही बाई गावाहून सातव्या महिन्यात आलेली, इथे कुठेच नाव न घातलेली. माझ्या हातात किती दिवस होते मला माहीत नव्हतं. त्या बाळाला तर तारीख वगैरे काही ठाऊकच नव्हती.

त्या दुपारी आमचे हे गॅलरीत बसून ओला हरभरा सोलत होते. मी समोर बसले आणि आजाराबद्दल चकार शब्द न काढता बदलीचं सगळं सांगून टाकलं. हे लाल झाले.

“रजिस्टरमध्ये खोटं नाव? दोन महिने? अगं, मग मी ते रजिस्टर ठेवतो कशाला? पोलिसांकडे फोटो दिलाय आपण त्याचा! उद्या काही झालं तर मान कुणाची?”

“तुमची. पण दोन महिन्यांत तुम्ही तरी त्याचं तोंड पाहिलंत का?”

“म्हणजे काय? रोज बघतो. मागच्याच महिन्यात थांबून विचारलं मी त्याला, तेज, गुडघा कसा आहे तुझा?”

“मग?”

“म्हणाला, बरा आहे साहेब.” एवढं बोलून हे थांबले. हातातला हरभरा तसाच राहिला. त्यांना स्वतःचंच हसू यायला लागलं, आणि ते दाबायच्या नादात ठसका लागला. “दुसऱ्याच्या गुडघ्याचं उत्तर दिलं की गं त्याने मला!”

तो ठसका ओसरल्यावर ते सेक्रेटरी राहिले नव्हते. तुला कसं कळलं, तुला याची एवढी काय घाई, असं त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा पाणी आणायला उठले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी पट्टी घेऊन बसले आणि रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखला. ‘बदली असल्यास नाव.’ तेजची नोकरी तेजचीच राहणार आणि जो उभा राहील त्याचंही नाव लागणार. खाली स्वतःची सही ठोकली, शिक्का मारला. चाळीस वर्षांच्या संसारात मला ह्या माणसाचं इतकं कौतुक क्वचित वाटलं असेल, आणि का ते मी त्यांना सांगू शकत नव्हते.

विष्णुमायाने ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि पदर खोचला. “चला काकू. शीळफाट्याला आहे तो. माझा दीर, गगन.”

शीळफाट्याला आम्ही बसने गेलो. सगळा रस्ता धुळीचा, मधोमध मेट्रोचे खांब, ट्रेलरच्या रांगा. पण ऊन कोवळं होतं आणि खिडकीतून येणारा वारा गोड लागत होता. एवढ्या काळजीतही मला तो गोड लागला हे आठवतं. फाट्याच्या अलीकडे एक चायनीजची गाडी होती. धंदा संध्याकाळचा, त्यामुळे दुपारी सगळी तयारी चाललेली. स्टुलावर बसून एक माणूस कोबी चिरत होता. सुरी दिसत नव्हती इतकी भराभर चालत होती, आणि शेजारी पांढऱ्या कोबीचा ढीग वाढत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

“नाव काय तुझं?”

त्याने वहिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

“गगन,” तो म्हणाला. “गगनबहादूर. आपने पोहा दिया था.”

हो, दिले होते. मला चेहरा आठवत नव्हता, त्याला पोहे आठवत होते.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन मुग्धाच्या दवाखान्यात आला. सरिता तिचं नाव. पोट इतकं पुढे की खुर्चीत ती तिरकी बसली. मुग्धाने आधी गगनला आत घेऊन सगळं सांगितलं, मग त्याने स्वतः बाहेर येऊन बायकोला त्यांच्या भाषेत सांगितलं. काय शब्द वापरले देव जाणे. ती रडली नाही, नुसती पोटावर हात ठेवून बसली. मी तिला नाव विचारलं. तिने सांगितलं. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मुग्धा म्हणाली, “काकू, पुरे.” बोटातून थेंब घेऊन पट्टीवर टाकला. पंधरा मिनिटं. एक रेघ उमटली तर बरं, दोन उमटल्या तर नाही. आम्ही चौघं त्या पट्टीकडे बघत राहिलो. भिंतीवरचं घड्याळ मुग्धाच्या वडिलांच्या वेळेपासून दहा मिनिटं पुढे आहे. त्या घड्याळाचा मला त्या दिवशी विनाकारण राग आला.

दुसरी रेघ उमटली.

गगनने विचारलं, “मैंने दिया इसको?” त्या एका प्रश्नासाठी, त्याने दुसऱ्याच्या नावाला ओ दिली होती हेही मी विसरायला तयार होते. मुग्धा म्हणाली, “ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित तिला तिच्या आईकडून आला असेल, तुला तुझ्या. तुमच्या आयांनाही कुणी तपासलं नव्हतं. कुणी कुणाला काही दिलेलं नाही. आता फक्त बाळाचं बघायचं.”

मग बाळाचं बघायचं हे एकच काम आम्ही पाच-सहा माणसं करत होतो. त्या दिवसांत मला झोपही छान लागायची, कामाची माणसं झोपतात तशी. कल्याणच्या बाजूच्या सरकारी हॉस्पिटलात सरिताचं नाव घातलं. विषाणू किती आहे ते मोजलं, गोळी सुरू झाली. त्या दुसऱ्या सुईसाठी मुग्धाने इतके फोन केले की तिथली सिस्टर तिला आवाजावरून ओळखायला लागली. एका कागदावर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला. जिथे कळा सुरू होतील तिथे हा कागद आधी दाखवायचा, मग बाकी बोलायचं. सुई, ब्लेड, टूथब्रश कुणाचं कुणी वापरायचं नाही, बाळाला दूध पाजायला हरकत नाही, सगळं समजावलं. सरिताने तो कागद ब्लाऊजमध्ये ठेवला. त्यांच्या चाळीतल्या बायकांना वाटायचं की पैसे आहेत.

संक्रांत झाली होती, घरात तिळाच्या वड्यांचा डबा अजून अर्धा होता. दुपारी साडेबाराला विष्णुमायाचा फोन आला. “मुलगी!” मी विचारलं, “सुई?” ती म्हणाली, “काकू, आधी मुलगी तर म्हणा!” मी मुलगी म्हणाले, आणि परत विचारलं, “सुई?” दोन्ही दिल्या होत्या. जन्मून तासही झाला नव्हता. सिस्टर म्हणे म्हणाली, हिच्या सुयांनी माझ्या फ्रिजमध्ये आठ दिवस जागा अडवली होती. मी वड्यांचा डबा घेऊन रिक्षात बसले. यांनी विचारलं, “कुणाची मुलगी गं?” मी म्हटलं, “‘गुडघा बरा आहे, साहेब’ म्हणणाऱ्याची.” हे काय समजायचं ते समजले.

त्या हिवाळ्याने बरंच काही बदललं. गल्लीतल्या माणसांना मी परत बोलावलं, आणि या वेळी नावं त्यांनी सांगितली. रांगेत चार-पाच जण असे निघाले की ज्यांच्या नावाने आधी दुसऱ्याच कुणाचं रक्त गेलं होतं. पुढच्या वर्षी बाजूच्या दोन सोसायट्यांनी बदलीचा रकाना आखला. तेज परत आला तेव्हा माझ्यासाठी गावचं तूप घेऊन आला आणि म्हणाला, “मॅडमजी, मैं ही हूँ.” आजही दर दसऱ्यानंतर आम्ही आठ वाजता गेटशेजारी बसतो. मुग्धा म्हणते मी पोहे तिखट करते. गगन रोज एक गोळी घेतो, कोबी चिरतो, त्याला काहीही झालेलं नाही.

पण एक गोष्ट त्या हिवाळ्यात सुटलेली नव्हती. सुया दिल्या म्हणजे जिंकलो असं नसतं. बाळ नऊ महिन्यांचं झालं की त्याचं रक्त तपासायचं, तेव्हा खरं कळतं. त्या नऊ महिन्यांत मी कॅलेंडरकडे बघायचं टाळलं. मुलीचं रक्त मीच काढलं. इतक्या लहान हातात शीर शोधायला मला चौतीस वर्षांत कधी लागला नव्हता इतका वेळ लागला. ती रडली, मग माझ्या चष्म्याची काडी धरून हसली.

रिपोर्ट आला तो नेमका भाऊबिजेला. त्यांच्याकडेही तो दिवस भावाबहिणीचाच. विष्णुमायाच्या खोलीत सगळे जमले होते. तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोल सेल-रोट्यांचा वास जिन्यापर्यंत आला होता, भावांच्या कपाळावर सात रंगांचे टिळे. जमिनीवर पंगत बसली होती. सरिता कोपऱ्यात ताट घेऊन, पोर मांडीवर. मुग्धा माझ्या मागून आली आणि दारातूनच म्हणाली, “काही नाही. मुलगी एकदम स्वच्छ. लसही छान लागू पडलीय.”

त्या वर्षी गावी न गेलेल्या तेजने गगनच्या पाठीत थाप मारली. विष्णुमायाने मला घट्ट धरलं, तिचे पिठाचे हात माझ्या पाठीवर. सरिताच्या ताटाशेजारी एक छोटी स्टीलची वाटी होती, झाकलेली, वर चमचा. माझं लक्ष गेलं तसं विष्णुमायाने हळू आवाजात सांगितलं. पोर खायला लागल्यापासून ती वाटी वेगळी, तो चमचा वेगळा. वेगळी घासायची, वेगळी ठेवायची. आपल्या ताटातलं एक शीतही सरिताने कधी तिला दिलं नव्हतं. डॉक्टरांनी दुधाचं सांगितलं म्हणून दूध पाजलं. ताटाचं कुणी काही सांगितलं नव्हतं.

सुई सांगितली होती, ब्लेड सांगितलं होतं, टूथब्रशसुद्धा सांगितला होता. ताट सांगायचं राहिलं होतं. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, “सरिता, ताटाने काही होत नाही गं. तेव्हाही होत नव्हतं. सांगायचं माझं चुकलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुग्धाकडे. मुग्धाने मान हलवली. सरिताने आपल्या ताटातला भात डाळीत कालवला, बोटांनी मऊ केला, एक लहानसा घास केला. तो हातात धरून ती क्षणभर थांबली. पोरीनेच वाट पाहिली नाही. तिने दोन्ही हातांनी आईचं मनगट धरलं आणि घास ओढून तोंडात घातला.